सहा फूट वारा

तुम्ही मला फसवलंत, कोदंडराव. तुमच्या शब्दावर मी माझ्या प्लॉटच्या दक्षिणेला सहा फूट जागा मोकळी सोडली, आणि तुमच्याच खात्याने शेजारच्याला माझ्या हद्दीला चिकटून भिंत बांधायची परवानगी दिली. हे मी आठ महिने सांगत होतो. वकिलाला सांगितलं, टपरीवाल्याला सांगितलं, चेन्नईच्या या तिरुवल्लिकेणीत, आपल्या गल्लीत उभं राहून तुमच्या दाराकडे तोंड करून सांगितलं. आधी मराठीत. मग लोकांना कळत नाही हे लक्षात आल्यावर तमिळमध्ये. तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून ऐकत होतात.

आता तुम्ही नाही, आणि भिंत आहे. तळमजला झाला. आज सकाळी गच्चीवरून पाहिलं तर पहिल्या मजल्याच्या खांबांच्या सळया बांधून झाल्या होत्या. त्यांच्या मिस्त्रीला मी सहज म्हणून विचारलं, स्लॅब कधी. शनिवारी, म्हणाला. माझ्या तक्रारीची सुनावणी गुरुवारी आहे. स्लॅब पडायच्या आत थांबवलं तर वरचे मजले अजून सहा फूट मागे घेता येतात. तळमजला गेला तर गेला. स्लॅब पडला की मग कुणी काही तोडत नाही, हे मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मीही बिल्डरच आहे. म्हणून गेले काही दिवस मी सळया मोजतो. दात घासायच्या आधी गच्चीवर जातो.

आपली ओळख शिवीवरून झाली. तुमच्या कचेरीच्या व्हरांड्यात मी मोबाइलवर वाळूवाल्या एजंटाला झापत होतो. तो आमच्याच विटा गावाकडचा, म्हणून मनसोक्त मराठीत. मागून आवाज आला, ‘इतकी ताजी मराठी माझ्या आजोबांसही आली नसती.’ वळून पाहिलं तर काखेत फाइल, हातात छत्री, कपाळाला गंध, असे तुम्ही. महाराष्ट्र तुम्ही एकदाही पाहिलेला नव्हता. तुमचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून तंजावरकडचं, आणि तुमची मराठी अशी की मला ती ऐकताना आमच्या देवघरातली जुनी पोथी आठवायची. मी वीस-बावीस वर्षं या शहरात होतो, पण कचेरीत कुणी माझ्याशी मराठीत बोलेल अशी आशा मी कधीच सोडली होती. त्या दिवशी मी तुमच्यामागून कँटीनपर्यंत चालत गेलो.

माझी फाइल तुमच्या टेबलावर नव्हती. तरी तुम्ही माझ्या हातातला प्लॅन घेतलात, टेबलावर पसरलात आणि कॉफीचे पेले त्याच्या कोपऱ्यांवर ठेवलेत. मग विचारलंत, ‘यांत दिवसां झोपणारा माणूस कोठें झोपेल?’

मी म्हणालो, दिवसा कोण झोपतं?

‘तुमचे गिऱ्हाईक कोण?’

गिऱ्हाईक म्हणजे आपलीच पोरं. श्रीपेरुंबुदूरच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, काही कॉम्प्युटरवाले. कंपनीची बस त्यांना पहाटे आणून सोडते. हे माझ्याच तोंडातून निघालं. मला सौदा करताना असं कुणी पकडलेलं नव्हतं. समोरच्याला प्रश्न विचारून त्याच्याच तोंडून त्याला अडकवायचं, ही माझी पद्धत होती.

तुमची ऊदबत्ती मी कधी विसरणार नाही. इतर अधिकारी जागेची पाहणी करायला फीत घेऊन जातात. तुमच्या पिशवीत फीत असायचीच, पण तिच्याबरोबर ऊदबत्तीचा पुडा. तिरुवल्लिकेणीतल्या एका मॅन्शनमध्ये तुम्ही मला नेलंत. इथे मॅन्शन म्हणतात ती एकट्या पुरुषांनी भाड्याने राहायची जागा, एका खोलीला एक दार आणि ते दारही बोळाकडे. तिसऱ्या मजल्यावर भर दुपारी दोन पोरं दार उघडं टाकून, बोळात स्टूल ओढून बसली होती. तुम्ही परवानगी मागून आत गेलात, ऊदबत्ती पेटवून खोलीच्या मधोमध धरलीत. धूर दोरीसारखा सरळ वर गेला आणि छताला टेकून तिथेच पसरला. पोरांना वाटलं तुम्ही पूजा सांगायला आलात. एकाने तर चप्पल काढली. मग तुम्ही मला तुमच्या घरी आणलंत, मधल्या चौकाशेजारच्या खोलीत तीच ऊदबत्ती धरलीत, आणि धूर आडवा झाला, दाराकडे धावत गेला. दुपारी समुद्राकडून वारा येतो, तो या शहराला फुकट मिळतो, आणि आपण त्याच्यासमोर भिंती बांधतो, असं काहीतरी तुम्ही म्हणालात. मी नीट ऐकलं नाही. मी धुराकडे पाहत होतो.

मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही, नंतरही एकदाच सांगितलं. मी या शहरात सोनं गाळायच्या कामावर आलो. सावकारपेठेत मागच्या बाजूच्या एका खोलीत आमची भट्टी होती. तेजाब ओतलं की पिवळा धूर उठायचा, आणि त्या खोलीला जो झरोका होता तो शेजारच्याने त्याची भिंत वाढवून बुजवलेला होता. झोपायचंही तिथेच. चौदा वर्षं. अजून मला खोकल्याशिवाय सकाळ होत नाही. स्वतःचं बांधायला लागलो तेव्हा मी मार्बल घातला, पितळी कड्यांची दारं घातली, लिफ्टला आरसा लावला. त्या झरोक्याची आठवण मला कधी झाली नाही. ती तुम्ही एका काडीने करून दिलीत.

मग तुमच्या ओट्यावरचा सौदा. तुमच्या घरापुढच्या त्या ओट्यावर, तिण्णैवर, मी पहिल्यांदाच बसलो होतो. माझ्या प्लॉटच्या दक्षिणेचं जुनं घर वरदन यांचं. शाळेत कारकून होते, निवृत्त झालेले, तेही घर पाडून बांधायच्या विचारात. तुम्ही त्यांनाही बोलावलं होतं. आपल्या भागात भिंतीला भिंत लावून बांधायला नियमाने मुभा आहे. तुम्हाला ती मुभाच नको होती. तुमचं म्हणणं, दोघांनी आपापल्या हद्दीपासून मागे सरायचं, म्हणजे दोन इमारतींमधून पूर्वेकडून पश्चिमेकडे एक रुंद बोळ तयार होईल, समुद्राचा वारा त्यातून आत शिरेल, आणि दोन्हीकडच्या झोपायच्या खोल्या त्या बोळावर उघडतील. तुम्ही आठ फूट मागितलेत. मी चार म्हणालो. तुम्ही म्हणालात, चार फुटांत वारा येत नाहीं, उंदीर येतात. वरदन हसले. मी पाच म्हणालो. तुम्ही उठून आत गेलात, मला वाटलं चिडलात, तर कॉफी सांगायला गेला होतात. सहावर ठरलं.

‘मला काय मिळणार?’ मी विचारलं. प्रत्येक मजल्यावर माझी एक खोली जात होती.

‘झोंप,’ तुम्ही म्हणालात. ‘तुमच्या गिऱ्हाइकांस.’

आतून अक्कांनी, म्हणजे तुमच्या पत्नींनी, पानसुपारीचं ताट आणलं. आपण तिघांनी विडा उचलला. त्यावर मी कागद केला नाही. मी, ज्याने सख्ख्या मेव्हण्याकडून दाराच्या कड्या घेतानाही चिठ्ठी लिहून घेतली, त्याने कागद केला नाही. का, तर बोलणं मराठीत झालं होतं. चेन्नईत मराठीत दिलेला शब्द मोडायचा कसा, हे मला सुचत नव्हतं. वरदन यांना आपलं बोलणं तुम्ही तमिळमध्ये सांगत होतात, आणि मला वाटत होतं की खरा करार आपल्या दोघांत चाललाय.

भांडण आपलं त्याआधीही होतं आणि त्यानंतरही. ते अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणायचात, चांगलं घर हे बिल्डरच्या मेहेरबानीवर सोडता कामा नये, ती परवानगीची अट पाहिजे. प्रत्येक झोपायच्या खोलीला दोन बाजूंनी हवा, जिन्यात उजेड, कपडे वाळत घालायला जागा, आजारी माणसाला खुर्चीवर बसवून खाली आणता येईल एवढं वळण. हे सगळं तुम्ही एका टिपणात लिहीत होतात आणि खात्याने ते नियमांत घालावं म्हणून वरच्यांच्या मागे लागला होतात. माझी इमारत तुम्हाला पहिला मासला म्हणून हवी होती. मी म्हणायचो, सरकारने नळाचं तोंड कुठे असावं हेही सांगायचं का? गिऱ्हाईक मागेल ते आम्ही देतो. आजवर एकानेही माझ्याकडे वारा मागितलेला नाही. सगळे टाइल्सची कंपनी विचारतात.

त्यावर तुम्ही मला जे म्हणालात ते मी नंतर दोन बिल्डरांना माझं म्हणून ऐकवलं. ‘गिऱ्हाईक जन्मांत एकदां घर घेतो, पाटील. काय मागावें हें त्यास कळतें तेव्हां तो आंत राहावयास गेलेला असतो.’

मी आवाज चढवला. तुम्ही छत्री उघडून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी आलात ते जिन्याच्या खिडकीबद्दल बोलायला.

इमारत उभी राहिली. वरदन यांचं जुनं घर अजून बैठंच होतं, त्यामुळे आमच्या खोल्यांना अख्खा समुद्र मिळत होता. दुसऱ्या मजल्यावर मी आणि बायको राहायला आलो, वर साताऱ्याचा देशमुख आला, कारखान्यात शिफ्टला जाणारा. सकाळी नऊला झोपायचा आणि दुपारी चारला ताजातवाना खाली यायचा. एकदा जिन्यात भेटून म्हणाला, काका, इथे पंखा बंद करून झोपलो मी. त्या दिवशी मी तुमच्याकडे आलो होतो, आठवतं? सांगितलं काहीच नाही. उगीच वरदन यांच्या आंब्याच्या झाडाच्या पानांचा कचरा माझ्याकडे पडतो अशी तक्रार केली. खरं म्हणजे मला तुमचे आभार मानायचे होते.

आता ज्या दिवसाबद्दल मी आठ महिने स्वतःशीसुद्धा बोललो नाही, तो दिवस. माझ्या इमारतीचा शेवटचा स्लॅब पडल्यानंतरच्या आठवड्यात तुम्ही माझ्याकडे एक मसुदा घेऊन आलात. इंग्रजीत टाइप केलेला. दोन्ही मालक सहा-सहा फूट कायम मोकळे ठेवतील आणि पुढे ज्याच्या नावावर जागा जाईल त्यालाही ते बंधनकारक राहील, असा करार. नोंदणी करायची होती. वरदन तयार होते.

मी सही केली नाही. माझ्या जमिनीच्या कागदावर दुसऱ्याचं नाव चढणार नाही, असं मी म्हणालो, आणि ते साध्या आवाजात म्हणालो नाही. तुम्हाला माझी गोष्ट ठाऊक नव्हती. माझ्या बापाने चुलत्याच्या सांगण्यावरून अशाच एका सामायिक कागदावर सही केली होती, बांधाचा कागद म्हणून, आणि विहिरीकडची पट्टी गेली. कुणाच्या जमिनीबरोबर आपली जमीन एका कागदावर आणायची नाही, हे मी त्या वयात शिकलो. तुम्हाला हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. त्याऐवजी मी म्हणालो, सरकारी माणसांना लोकांच्या जमिनीत बोटं घालायची खोड असते.

तुम्ही कागदाची घडी केलीत. ‘उद्यां वरदन राहिले नाहींत तर?’

‘तुम्ही आहात ना.’

‘मी किती दिवस असणार?’

मी हसलो. तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाल, असं म्हणालो. तुम्हीही हसलात.

वरदन यांची बायको गेली, त्यांना एकट्याने बांधकाम जमेना. त्यांनी जागा विकली आणि शहराबाहेर, आवडी नावाच्या उपनगरात, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले. नव्या मालकाने नियमात बसतो तसा प्लॅन दिला, हद्दीला भिंत. तो मंजूर झाला. तुमच्या नोकरीचे तेव्हा थोडेच दिवस उरले होते. मी प्लॅनची नक्कल पाहिली आणि सरळ तुमच्या दारात आलो. काय काय बोललो ते मी इथे लिहीत नाही. गल्लीला पाठ आहे. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘आंत या. कॉफी घ्या. मग ओरडा.’

मी आत आलो नाही. वकिलाकडे जाऊन तक्रार लिहून घेतली. वकिलाने विचारलं, कोणाविरुद्ध? मी तुमचं नाव सांगितलं. अधिकाऱ्याने खोटं आश्वासन देऊन मला फसवलं, असं त्यात आहे. खाली माझी सही आहे. करारावर न झालेली सही तिथे लगेच झाली.

तुम्ही गेल्याचं मला टपरीवर कळलं. सकाळी. मी तिथेच उभा राहिलो, चहा संपवला, दुसरा सांगितला, तोही संपवला. मग तुमच्या दाराशी आलो आणि आत जायचं का हे ठरवता येईना. अक्कांनी पाहिलं. त्यांनी आत या म्हटलं, आणि मी बसल्यावर जे सांगितलं ते मला कुणी मारलं असतं तर बरं वाटलं असतं असं होतं. ‘तुमच्यावर राग नव्हता त्यांचा. रोज चार वाजतां मी सवयीनें कॉफी तुमच्या मापानें करीत होतें. एक पेला उरत होता. ते म्हणत, असूं दे, येईल.’

मी येत नव्हतो, कोदंडराव. तुमच्या दारावरून जायला लागू नये म्हणून मी मागच्या गल्लीने जात होतो.

माहितीच्या अधिकाराचा कायदा नवा आहे, वापरून बघू म्हणून मी शेजारच्या फाइलची नक्कल मागितली होती. तुमचा पत्रव्यवहार, शेरे, सगळं. मला पुरावा हवा होता, तुमच्याविरुद्ध. नकला आल्या त्या तुमच्या दहाव्यानंतर दोन दिवसांनी. इंग्रजी मला वाचता येतं, वेळ लागतो. दोनदा वाचलं. मग देशमुखकडून वाचून घेतलं, माझी काही चूक होत असेल म्हणून.

नव्या मालकाच्या प्लॅनवर तुम्ही अट घातली होती. तुमच्या अक्षरात, उत्तरेला सहा फूट मोकळे सोडावेत, कारणांसह, दोन पानं. वाऱ्याची दिशा, आमच्या खोल्या, दिवसा झोपणारे रहिवासी, सगळं. त्या दोन पानांवर कोणीतरी वरून आडवी रेघ मारली आहे आणि लिहिलं आहे: नोंदणी केलेला करार नाही, अट वगळावी. खाली आद्याक्षरं आहेत, ती लागत नाहीत. त्याखाली पुन्हा तुम्ही. करार मिळवण्यासाठी मुदत द्यावी. उत्तर नाही. पुन्हा तुम्ही, तीच विनंती. उत्तर नाही. तिसऱ्यांदाही तीच, आणि त्यानंतर मंजुरीचा शिक्का.

आणि या तिन्ही विनंत्यांत तुम्ही कुठेही लिहिलेलं नाही की पाटलाने सही करायला नकार दिला. तुम्ही लिहिलंत, करार पाटील यांच्याकडून येणे आहे. जणू मी टपालात टाकलाय.

शेवटचा कागद माझ्या तक्रारीवरचं तुमचं उत्तर. निवृत्त झाल्यावर तुमच्याकडे नोटीस आली असणार, आणि तुम्ही तुमच्या ओट्यावर बसून ते लिहिलं असणार, मी मागच्या गल्लीने जात असताना. दोनच वाक्यं आहेत. पाटील यांना मी शब्द दिला होता, तो पाळता आला नाही. जबाबदारी माझी.

हे तुम्ही का केलंत? मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या ओळीत लिहिलं असतं, तक्रारदाराने स्वतः करार नाकारला. प्रकरण तिथेच संपलं असतं. तुम्ही मला वाचवत होतात का, की मला सही करायला लावायला तुम्हाला जमलं नाही याचा दोष स्वतःला देत होतात? की तुम्हाला वाटत होतं, एक दिवस मी येईन आणि सही करीन, म्हणून दार उघडं ठेवत होतात? कोणतंही उत्तर असलं तरी मला ते परवडत नाही. तुमचं ते दोन ओळींचं उत्तर आता तुमच्याच खात्याने पुढे केलंय. त्यांच्या लेखी जबाबात आहे: संबंधित अधिकाऱ्याने स्वतःच्या मर्जीने तोंडी आश्वासन दिले, खात्याचा संबंध नाही, त्यांनी तसे मान्यही केले आहे.

माझा वकील खूश आहे. त्याचं म्हणणं, तेही हेच म्हणतायत, आपणही हेच म्हणतोय, मग भांडण कसलं? नव्या मालकाने निरोप पाठवलाय, बांधकाम थांबवायची मागणी मागे घेतली तर मागच्या बाजूला, माझ्या स्वयंपाकघरापाशी, तीन फुटांची खाच सोडतो. ‘गुरुवारी एवढंच बोला की त्या अधिकाऱ्याने फसवलं,’ वकील म्हणाला. ‘गेलेल्या माणसाचं त्यात काय बिघडतं?’

सौदा म्हणून वाईट नाही. मी खोटं सांगत नाही, मी दोन दिवस विचार केला. तीन फूट म्हणजे काहीतरी. गेल्या आठवड्यापासून देशमुख जिन्यात चटई टाकून झोपतोय, समोर बांधकाम चालू आहे, सगळी धूळ आमच्या खोल्यांत येते. भिंत वर गेली की आम्हा सगळ्यांच्या खिडक्यांतून सहा फुटांवर विटा दिसणार. मी ही घरं विकताना प्रत्येकाला खिडकीशी उभं करून म्हटलं होतं, बघा, वारा. माझ्या शब्दावर लोक आत आले. त्यांना तीन फूट मिळवून देणं हे काहीच न मिळवून देण्यापेक्षा बरं नाही का? तुम्ही असता तर काय म्हणाला असतात ते मला माहीत आहे. तीन फुटांत उंदीरसुद्धा तक्रार करतील.

रविवारी मी लोकलने आवडीला गेलो. ओट्यावरच्या त्या बोलण्याचे साक्षीदार आता एकटे वरदनच. क्वार्टरच्या मागे त्यांनी चार वांगी लावली आहेत, त्यांना पाणी घालत होते. मला पाहून त्यांनी नळ बंद केला नाही. मी म्हणालो, सर, तुम्ही गुरुवारी या, कोदंडरावांनी सहा फुटांचा शब्द दिला होता हे सांगा. त्यांनी ऐकून घेतलं. मग तमिळमध्ये, शाळेत मस्टर वाचावं तशा आवाजात म्हणाले, ‘सगळं सांगेन. करार आला तेव्हा मी पेन काढलं होतं. सही तुम्ही केली नाही, शेट. तेही सांगेन. अर्धं सांगायला मी येणार नाही.’

मी चिडलो. उठलो. फाटकापर्यंत गेलो. ते पाणी घालत राहिले. परत आलो आणि विचारलं, तुम्ही जागा विकताना मला का नाही सांगितलंत? ते म्हणाले, तुम्ही ओरडता.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. तिथल्या बाकावर बसून मी हिशेब नाही केला, फक्त एक एक गोष्ट समोर ठेवली. वरदन यांना आणलं नाही तर तीन फूट नक्की मिळतात आणि तुमच्या नावावर कायमचं लागतं की हा अधिकारी लोकांना खोटे शब्द देत फिरायचा. मग तुमचं ते टिपणही गेलं. उद्या तुमच्या खात्यात कुणी म्हणालं की खोल्यांना दोन बाजूंनी हवा पाहिजे, तर वरचा म्हणेल, आठवतं ना कोदंडरावांचं काय झालं. वरदन यांना आणलं तर माझं तोंड काळं होतं, वकील केस सोडतो, आणि शनिवारी स्लॅब पडण्याचीच शक्यता जास्त. माझे लोक मला विचारणार, काका, सही का नाही केलीत? देशमुखला मी ते सांगितलंय आधीच. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी नकलांचे झेरॉक्स काढून आणले, पाच प्रती.

वरदन यांना मी फोन केलाय. गुरुवारी नऊच्या गाडीने येतील, मी स्टेशनवर घ्यायला जाणार आहे. तक्रारीतून तुमचं नाव काढायचा अर्ज देशमुखने लिहून दिला, मी सही केली. वकिलाला अजून सांगितलेलं नाही. भीती वाटते आहे, आणि ती लपवण्याइतकी ताकद आता माझ्यात नाही. मी आयुष्यभर दोन माणसांमधल्या अंतरात उभा राहून काम केलं, एकाला एक बोलायचं, दुसऱ्याला दुसरं. सगळ्यांसमोर एकच गोष्ट बोलायची मला सवय नाही. आवाज चढेल, मग ऐकणारे चढलेल्या आवाजाकडे पाहतील आणि म्हणणं राहून जाईल. तुम्ही असतात तर शेजारच्या खुर्चीवरून माझ्या हातावर हात ठेवला असतात.

तुमची क्षमा मागायची तर ती मागून मिळत नाही, हे मला अक्कांच्या घरी कळलं. म्हणून मागत नाही. माझ्या वाट्याचं मी गुरुवारी बोलीन: करार आला होता, मी नाकारला, कोदंडरावांनी ते झाकलं. लिहून घ्या म्हणेन.

पण मग मी खाली बसणार नाही. माझ्यासारख्या अडाणी, संशयी माणसाने सही केली नाही, ठीक. अशा माणसांसाठीच तर तुमचं खातं आहे. दोन मालक एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, म्हणून तिसरा लागतो. वारा आमच्या मर्जीवरच सोडायचा असेल, तर नकाशे तपासायला एवढी माणसं कशाला बसवली आहेत? एका माणसाने तीन वेळा मुदत मागितली, त्याला एकदाही उत्तर द्यावंसं कुणाला वाटलं नाही. ते कोण? त्या दोन पानांवर रेघ मारणाऱ्याला नाव आहे, खुर्ची आहे, बहुतेक घरात एसी पण आहे. त्याने गुरुवारी उभं राहावं आणि ती आद्याक्षरं माझी आहेत असं म्हणावं. मग माझ्याबरोबर यावं, देशमुखच्या खोलीत, दुपारी दोन वाजता, दार लावून, एक तास बसावं. आणि बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना सांगावं, कोणत्या नियमाने आणि कोणासाठी त्याने ही रेघ मारली.